वाचन : तेजल भिकन पगारे

माझ्या वेबसाइटवर 'माझं काम' नावाचं एक पान आहे आणि ते कोरं आहे. म्हणजे वर माझा फोटो आहे, कानाला हेडफोन, समोर माइक, चेहऱ्यावर ते ठरलेलं हसू. खाली लिहिलंय, 'लवकरच येत आहे'. हे लवकरच गेली कित्येक वर्षं तसंच पडून आहे. वेबसाइट बनवणाऱ्याने दोनदा विचारलं, मॅडम, इथे काय टाकायचं? मी म्हटलं, राहू दे.

काय टाकणार, कपाळ? मी आवाज देते. शाळेतली नोकरी सोडून हा फ्रीलान्स धंदा धरला. विंचूरकडच्या एका वायनरीत कामगारांना सुरक्षेची फिल्म दाखवतात, तिच्यात 'टाकीत उतरण्यापूर्वी मास्क लावा' म्हणणारी बाई मी. एका दवाखान्याच्या फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारी मी. निवडणुकीत एका उमेदवाराच्या वतीने घरोघर फोनवर हात जोडले तेही मीच, आणि मत दुसऱ्याला दिलं. पण यातलं एकही काम मला माझं म्हणून दाखवता येत नाही. काम येतं पुण्याच्या एजन्सीकडून, आणि एजन्सी आधी गोपनीयतेच्या करारावर सही घेते. कंपनीचं नाव सांगायचं नाही, रेकॉर्डिंग जवळ ठेवायचं नाही, आवाज आपला आहे असं कुठे म्हणायचं नाही. गिऱ्हाईक थेट माझ्याकडे आलं तर एजन्सी काय करणार? तेव्हा तोंड मिटून बोलायचं, असा हा धंदा.

नवीन काम मागायला गेलं की पहिला प्रश्न, आधीचं काम दाखवा. आधीचं दाखवता येत नाही म्हणून नवीन मिळत नाही, नवीन मिळत नाही म्हणून पुन्हा एजन्सीचंच घ्यायचं, आणि तेही दाखवायचं नाही. याला लोक पोर्टफोलिओ उभा करणं म्हणतात. माझा आजवर बसूनच आहे.

हेही एक वेळ चाललं असतं. पण मग गार्गी आली.

एजन्सीने एक मोठं काम दिलं होतं. 'भाषेचा प्रकल्प आहे', एवढंच सांगितलं. रोज वाक्यं यायची, ती वाचून पाठवायची. 'पुढील थांबा', 'आपली तक्रार नोंदवली आहे', 'उद्या आकाश ढगाळ राहील', आणि मध्येच 'आजोबांनी मांजराला दूध दिलं' असलं काहीतरी. आवाज घुमू नये म्हणून नाशिकला इंदिरानगरातल्या माझ्या खोलीत मी चारी भिंतींना आईने शिवलेल्या गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, आणि भर उन्हाळ्यात घामाने निथळत वाचत बसले. तिकडून उत्तरं यायची. श्वास ऐकू येतोय, परत करा. इथे भाव आलाय, परत करा. सपाट ठेवा, मॅडम. एकदा 'आई काल गेली' असं वाक्य होतं. माझी आई लासलगावात ठणठणीत होती, तरी आवाज हललाच. ते वाक्य पास होईपर्यंत मला इतक्या वेळा वाचायला लावलं की शेवटी मी ते भाजी आणायला गेल्यासारखं म्हटलं. तेव्हा उत्तर आलं, परफेक्ट.

वर्षभर हे चाललं. मग एक दिवस मी रक्त तपासायला गेले, टोकन घेऊन बाकड्यावर बसले, आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून मी मलाच खिडकीवर बोलावलं. मी कधीच न वाचलेलं वाक्य होतं ते. माझ्याच आवाजात. मी उठले नाही, म्हणून मी मला पुन्हा बोलावलं, तेवढ्याच शांतपणे.

त्या आवाजाला कंपनीने नाव ठेवलंय गार्गी. आता ती बँकेत आहे, गॅसच्या नोंदणीला आहे, कांद्याचे भाव सांगणाऱ्या ॲपवर आहे. काही वर्षांपूर्वी निवेदनाच्या एका परीक्षेत मला सांगितलं होतं, पगारे, आवाज चांगला आहे हो, पण बोलण्यात गाव डोकावतं. गार्गीच्या बोलण्यात कुणाला गाव दिसत नाही. नाव बदललं की कानही बदलतात म्हणायचे. आता हे मी तुम्हाला सांगतेय तेसुद्धा करारात बसत नाही, पण कंपनीचं नाव मी घेतलेलं नाही, तेव्हा घ्या चालवून.

या सगळ्यात मला एकच गोष्ट हवी होती. गंगापूर रोडला संध्या मॅडम बोलकी पुस्तकं काढतात, ज्यांना दिसत नाही किंवा वाचता येत नाही त्यांच्यासाठी. त्यांना कायमचा वाचणारा आवाज पाहिजे होता. आणि त्यांच्या प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला वाचणाऱ्याचं नाव उच्चारतात. 'वाचन', थोडं थांबून, आणि मग पूर्ण नाव. आईला अक्षर वाचता येत नाही. तिला नाव छापलेलं दाखवून काय उपयोग, ते तिला ऐकूच आलं पाहिजे. दर फोनला ती विचारते, "तू एवढी बोलती दिवसभर, मग तुझं नाव का घेत नाय कोणी?" एकदा नाव ऐकवलं की तिचा प्रश्न मिटेल आणि माझाही, एवढंच माझ्या मनात होतं.

दाखवायला जुनं काहीच नव्हतं, म्हणून मी घरी बसून एक कथा नव्याने वाचली आणि पाठवली. दुसऱ्या दिवशी संध्या मॅडमचा फोन आला.

"तेजल, राग मानू नका, पण हे तुम्ही मशीनकडून वाचून घेतलंय."

मी तशीच रिक्षा पकडून गेले. त्यांच्यासमोर उभी राहून वाचून दाखवलं. त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या,

"हा तर गार्गीचा आवाज. तुम्ही तिची नक्कल करता, की तो आवाज तुमचाच आहे?"

"मला काही सांगता येणार नाही, मॅडम."

"म्हणजे हो." त्यांनी उसासा टाकला. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला रागवायला तरी कुणी मिळालं असतं. "पण समितीला मी काय सांगू? आपण लोकांना सांगतो की आमच्याकडे माणूस वाचतो. हे ऐकून प्रत्येक जण म्हणेल, मशीन लावलं आणि माणसाचं नाव दिलं. कंपनीकडून एक पत्र तरी आणा."

मी एजन्सीला मेल केला. उत्तर फार सभ्य होतं. असा काही करार अस्तित्वात आहे हेसुद्धा आपण कुणाला कळवू शकत नाही, असं त्यांनी कळवलं.

हे सांगितल्यावर संध्या मॅडम म्हणाल्या, "मग एकच करा. तिला जमणार नाही असं काहीतरी मला आणून द्या. घरात बसून केलेलं नको. माणसांसमोर वाचलेलं, जिथे तुमचा आवाज दाटून येतो, अडखळतो. सोमवारी समितीची बैठक आहे. मी ते ऐकवते आणि भांडते तुमच्यासाठी."

रिक्षात बसता बसता मला विहार आठवला आणि मी स्वतःशीच हसले. इतके दिवस हे सुचलं कसं नाही!

आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत लासलगावच्या आमच्या वस्तीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वर्षावासाचे तीन महिने. चौरंगावर ग्रंथ, पुढे मेणबत्त्या, सतरंजीवर पांढऱ्या साडीतल्या बायका. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि घेतलेला भाग अर्धा सोडून उठायचं नाही. मी सातवीत असल्यापासून वाचायचे. सिद्धार्थ घर सोडतो, यशोधरेचा निरोप घेतो, त्या भागाला दरवर्षी माझा आवाज फुटायचा. मी थांबायचे, नाक ओढायचे, समोर बायकांचे पदर डोळ्यांना लागलेले असायचे. भागीबाई म्हणून एक आजी होत्या, त्या मोठ्याने म्हणायच्या, "रड बाई, रडून घे. मग वाच. आपल्याला कुठं गाडी धरायची हाय?" वडील मार्केट यार्डात मापारी होते, दिवसभर कांदा मोजून ते तसेच दाराशी येऊन बसायचे, कपड्यांना कांद्याचा वास. लेक वाचतेय म्हणून आत यायचे नाहीत, तिथूनच ऐकायचे. मी जे काही बोलायला शिकले ते तिथे शिकले. आणि त्या वाचनावर कुठल्याही कंपनीचा हक्क नव्हता. ते एवढंच काम मला जगाला दाखवता येण्यासारखं होतं.

धाकट्या भावाला, धम्मपालला, फोन केला. तो विहाराच्या कमिटीत आहे.

"गृहत्याग कधी आहे रे?"

"शनिवारी. ये ना ताई, आई लय खूश होईल."

शनिवारी दुपारच्या बसने लासलगावला गेले. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत बस अडकली तरी मला एरवीसारखी चिडचिड झाली नाही. मी मनातल्या मनात तो भाग म्हणत होते. यशोधरेच्या दाराशी आलं की मी खिडकीकडे तोंड वळवत होते, आणि मला त्याचा आनंद होत होता. हेच तर न्यायचं होतं सोमवारी.

आईने माझ्यासाठी पिठलं टाकलं होतं. मी म्हटलं, "आई, आज मी वाचणार आहे विहारात."

ती तव्यावरची भाकरी उलटता उलटता थांबली. "धम्माला विचार बाई. आता ती वाचती ना."

"कोण ती?"

"मोबाईलातली."

मला आधी कळलंच नाही. म्हणजे कळलं, पण मानून घेतलं नाही. आईच पुढे म्हणाली, "पयल्या दिशी मला वाटलं तूच आलीस. मी उठून मागं पाह्यलं. दारापोत जाऊन आले."

मी भाकरी तोंडात घातली म्हणून बरं, नाहीतर काहीतरी बोलून गेले असते. करारात 'कुटुंबीय' असा शब्दच आहे, वेगळा लिहिलेला. आणि आईला सांगितलं असतं तर सकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं असतं. मी ती भाकरी खाल्ली. वर आणखी एक मागून घेतली.

धम्मपालला मी विहाराच्या पायरीवरच गाठलं. तो स्पीकर जोडत होता, कौतुकाने दाखवत होता. ग्रंथाची पानं मोबाईलमध्ये भरली की ॲप आपोआप वाचतं, पाहिजे त्या ओळीवर बोट ठेवलं की तिथून सुरू.

"माणसं संपली का रे वस्तीतली?" माझा आवाज चढला.

"ताई, तू गेली नाशिकला. तुझ्यामागं संजना वाचायची, तिचं लग्न झालं. पोरं क्लासला जात्यात, म्हाताऱ्यांना दिसत नाय. मागल्या वर्षी वाचायला कोणी नव्हतं म्हणून बाया नुसत्या वंदना घेऊन घरी गेल्या. मी तरी काय करू?" मग जरा हळू आवाजात म्हणाला, "आवाज चांगला निघाला ना पण? तुझ्यावानीच हाय. म्हणून तर मी तोच निवडला."

त्याने माझ्यावरच्या मायेनेच मला बाजूला केलं होतं.

"आज मी वाचते," म्हटलं.

"वाच की. बरंच झालं."

त्रिशरण, पंचशील झालं. मी चौरंगामागे बसले, माझा मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ग्रंथाशेजारी ठेवला. समोर आई दुसऱ्या रांगेत. भागीबाई पहिल्या रांगेत, भिंतीला टेकून. त्यांना आता जवळजवळ दिसत नाही. डोळे मिटून, हात जोडून बसल्या होत्या. धम्मपालने माइक घेतला, घसा साफ केला आणि कुठून त्याला सुचलं कोण जाणे, म्हणाला, "आजचं वाचन, तेजल भिकन पगारे."

मी आईकडे पाहिलं. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. वडिलांचं नावही आलं होतं त्यात. मला वाटलं, झालं. इथवर आले याचं सार्थक झालं, आता फक्त वाचायचं.

मी वाचायला लागले. छान चाललं होतं. एक शब्द अडला नाही, एक श्वास ऐकू आला नाही. तो भाग जवळ येत होता. मी वाट बघत होते. छातीत काहीतरी हलेल, मग घशाशी येईल, मग मी थांबेन, मग भागीबाई बोलतील, आणि ते सगळं मोबाईलमध्ये जाईल. सिद्धार्थ यशोधरेच्या दाराशी आला. आत गेला. तिच्याशी बोलला. मुलाकडे पाहिलं. मी वाचत होते. तो बाहेर पडला, आणि मी पुढच्या परिच्छेदावर होते.

काहीच आलं नाही. मी तो भाग 'पुढील थांबा' म्हणावं तसा पार करून गेले होते. समोर एकाही बाईचा पदर डोळ्यांना लागला नव्हता.

"तेजू," आई जागेवरूनच म्हणाली, "तू त्या बाईवानी का वाचती गं? तुझ्यावानी वाच ना."

दोघीतिघी हसल्या. मी पण हसले. पान मागे उलटलं, पुन्हा दारापासून सुरुवात केली. यावेळी ठरवून दीर्घ श्वास घेतला आणि तो माझ्याही नकळत, आवाज न होता, आत गेला. वर्षभर तेच तर शिकले होते. मी आवाज जरा थरथरवून पाहिला. इतका खोटा लागला की मलाच शरम वाटली. तिसऱ्यांदा सुरू केलं. शब्द एकामागून एक स्वच्छ, सपाट, परफेक्ट. मी माझ्यासारखं वाचायचं म्हणजे कसं, हे शोधत होते आणि मला ते सापडत नव्हतं. माझा आवाज कंपनीवाल्यांनी नुसता घेतला नव्हता. जाताना माझ्याजवळ त्यांचा ठेवून गेले होते.

तेव्हा मला रडू आलं. आलं ते असं आलं की तोंडातून आवाजच फुटेना. तोंड उघडं, ओळीवर बोट, डोळ्यांपुढे अक्षरं पुसलेली. हुंदका नाही, काही नाही. त्या मोबाईलमध्ये तेवढा वेळ पंख्याची घरघर गेली असेल, दुसरं काय!

धम्मपालने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी म्हणाला, "दमलीस ताई. राहू दे. पण भाग अर्धा ठेवता येत नाय." त्याने वाकून माझं बोट कुठे आहे ते पाहिलं आणि आपल्या मोबाईलवर त्या ओळीवर बोट ठेवलं.

गार्गी तिथून पुढे वाचू लागली. सिद्धार्थ पुन्हा बाहेर पडला. मी चौरंगामागेच बसून राहिले, कारण उठून जायचं कुठे? सगळ्या स्पीकरकडे बघत होत्या. एकटी आई माझ्याकडे बघत होती. मग स्पीकरकडे, मग परत माझ्याकडे. तिच्या कपाळावर आठी पडली होती आणि ती वाचन संपेपर्यंत गेली नाही.

शेवटी सरणत्तयं म्हणून सांगता झाली, बायका उठल्या. आई काही विचारायला पुढे आली, पण तिच्याआधी भागीबाई आल्या, भिंत चाचपत. मी म्हटलं, "जय भीम, आजी." त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. गाल ओले होते, पण त्यांच्या हातांना आता तेवढं कळत नसावं.

"एका सुरात वाचलंस गं सगळं," त्या म्हणाल्या. "नाव घेतलं तवाच म्हणलं, आपली तेजल हाय, ऐकू नीट. मधी थांबलीस, मागं गेलीस, पण शेवटपोत आवाज कुठं हलला नाय. मागं लय रडायचीस तू. आता शिकलीस."

आई माझ्याकडे बघत उभी होती. चौरंगावर माझा मोबाईल अजून रेकॉर्ड करत होता.

"हो आजी," मी म्हणाले.